माझा भाऊ आपटणार, असं सांगायचं काम

डिबेटच्या आधी उमेदवाराच्या स्वतःच्याच माणसांनी टीव्हीवर जाऊन सांगायचं, की आमचा गडी कच्चा आहे, समोरचा भलता तयारीचा आहे, आमच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. समोरच्याची माणसंही त्याच वेळी दुसऱ्या चॅनलवर हेच सांगत असतात. दोघं एकमेकांच्या आरत्या ओवाळतात. मग उमेदवार नुसता धड उभा राहिला, तोंडावर पडला नाही, तरी ‘अपेक्षेपेक्षा बरा’ म्हणून त्याची वाहवा होते. याला आमच्याकडे डावपेच म्हणतात. मी याला मूर्खपणा म्हणते. सगळी हयात शाळेत पोरांना वादविवाद शिकवण्यात गेली माझी, तेव्हा एवढं म्हणायचा हक्क मला आहे. आणि त्याच मूर्खपणात मी स्वतःच्या पायांनी चालत गेले, हे आठवलं की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते.

लाइल टॉर्नक्विस्ट हा माझा धाकटा भाऊ. आमच्या मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर होता, आणि त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता. उभा म्हणजे कसला, गटांगळ्या खात होता. पहिल्या डिबेटमध्ये त्याने माती खाल्ली होती. प्रश्न आला की तो थांबायचा. आमच्या गावाकडे माणूस उत्तर देण्याआधी थांबतो, त्याला विचार करणं म्हणतात. टीव्हीवर त्याला विसरणं म्हणतात. दुसऱ्याच दिवशी त्याच्या थांबण्याला घड्याळाची टिकटिक जोडून लोकांनी व्हिडिओ फिरवले. एकात तर तो थांबलाय आणि मागे झाडाची पानं पिवळी होऊन गळतायत, असं केलं होतं. मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

मग दुसऱ्या डिबेटची भाकितं सुरू झाली. एक म्हणे, तो पुन्हा अडकणार. दुसरा म्हणे, अडकायच्या भीतीने तो यावेळी ओरडणार. एका बाईने त्याच्या खांद्यांवरून सांगितलं, की हा माणूस आतून आधीच हरलाय. अगं बाई, ते खांदे आमच्या आईकडचे आहेत! आमच्या झाडून सगळ्या मामांचे खांदे तसेच आहेत. पण ऐकतो कोण. टीव्ही लावला की कोणीतरी भुवया उंचावून माझ्या भावाचं भविष्य सांगत बसलेलं असायचं.

लाइलला या लोकांचं काही वाटत नसे. तो ते बघायचाच नाही. मर्ना, माझी वहिनी, गेल्यापासून एकाच माणसाचं म्हणणं त्याला खरं वाटायचं, ते माझं. भाषण झालं की सगळे त्याच्या पाठीवर थापा मारायचे आणि तो त्यांच्या डोक्यांवरून मला शोधायचा. भिकार झालं असेल तर मी भिकार म्हणायचे. बरं झालं असेल तर बरं. गोड बोलायची सवय मला लहानपणापासून नाही, आणि म्हणूनच माझं ‘बरं’ त्याला पुरायचं. त्या एवढ्या मोठ्या प्रचारात माझ्याकडे दुसरं काय होतं? माझा शब्द होता, आणि तो माझ्या भावाला पटायचा. तेवढ्यासाठी मी घरदार सोडून त्याच्यामागे फिरत होते.

डिबेटच्या तालमीसाठी प्रचारप्रमुखाने तळ्याकाठचं एक लॉज अख्खं भाड्याने घेतलं होतं. जेवणघरातली टेबलं हलवून तिथे खऱ्यासारखं स्टेज उभं केलं होतं, तसेच दिवे, तशीच दोन पोडियम. तालमीत मी व्हायचे सेनेटर व्हिटलॉक, म्हणजे लाइलचा प्रतिस्पर्धी. मी वकिलांपेक्षा जास्त टोचून बोलते आणि लाइलला कुठे दुखतं ते मला ठाऊक आहे, म्हणून हे काम माझ्याकडे. नियम असा, की तालीम संपेपर्यंत मी आर्डिस नाही. लाइल चिडो, रडो, मी व्हिटलॉकच.

प्रचारप्रमुख ब्रँट केसिंजर. अंगाने काटकुळा, दोन्ही हातांत दोन फोन, तोंडात सतत च्युइंगम. हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण माणूस बोलत असताना हा त्या माणसाकडे न बघता, लोकांना ते कसं दिसेल याकडे बघतो. त्याने लाइलला उत्तरांची कार्डं पाठ करायला दिली होती. शाळेतल्या पोरासारखा लाइल सकाळी तळ्यावर फेऱ्या मारत ती पुटपुटायचा.

त्या दिवशी मी त्याच्यावर एल्म क्रीकचा बार काढला. एल्म क्रीक हे आमच्या राज्यातलं एक छोटं गाव. लाइल गव्हर्नर असताना खर्च कमी करायला त्याने एका कागदावर सही केली आणि तिथलं हॉस्पिटल बंद पडलं. व्हिटलॉक ते काढणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी व्हिटलॉकसारखी मान तिरकी केली आणि म्हणाले, “गव्हर्नर, एल्म क्रीकच्या बायकांनी आता बाळंत व्हायला कुठे जायचं, तुमच्या बंगल्यावर?”

लाइलने कार्ड उचललं. मग खाली ठेवलं. थांबला. मी मनात म्हटलं, झालं, आली पानगळ.

“हो,” तो म्हणाला. “ते माझ्या सहीने बंद झालं. माझ्यासमोर आकडे ठेवले होते, आणि आकडे बरोबर होते. मग त्या हिवाळ्यात मी एकटाच गाडी काढली. एल्म क्रीकच्या चर्चपाशी सुरुवात केली आणि पुढच्या हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेलो. बर्फ पडत होता. सगळ्या रस्त्याभर मी विचार करत होतो, मागच्या सीटवर कळा देणारी बाई असती तर मी काय केलं असतं.” तो पुन्हा थांबला. यावेळी कोणाला घड्याळ आठवलं नाही. “मला उत्तर सापडलं नाही. आकडे बरोबर होते आणि मी चुकलो. सेनेटर, तुम्ही इतकी वर्षं राजधानीत बसून आकडे मांडताय. तुम्ही तो रस्ता एकदा तरी गाडीने गेलात का? मला नका सांगू. त्यांना सांगा.” आणि त्याने रिकाम्या खुर्च्यांकडे हात केला.

आता उत्तर द्यायची पाळी माझी होती. व्हिटलॉकची टिपणं माझ्यासमोर पडली होती, आणि मला एक शब्द सुचेना. आयुष्यभर मी बोलणाऱ्यांना हरवत आले, आणि माझ्या मुखदुर्बळ भावाने मला गप्प केलं होतं. दिवेवाला माणूस बाहीने नाक पुसत होता. मला इतका आनंद झाला, की नियम मोडून मी ओरडले, “लाइल! हेच! अगदी हेच बोल!”

“सुंदर होतं, गव्हर्नर,” ब्रँट म्हणाला. “पण हे वापरायचं नाही.”

“का?” मी विचारलं.

“कबुली आहे ती, आर्डिस. ‘मी चुकलो’ एवढंच कापून व्हिटलॉक सकाळ-संध्याकाळ जाहिरात करेल.”

“करू दे की! लोकांना कळत नाही का?”

“लोकांना काय कळतं याच्यावर माझं पोट आहे,” ब्रँट म्हणाला. “तुमचं नाही.”

लाइल आमच्याकडे आळीपाळीने बघत उभा होता. राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला माणूस, आणि त्याच्या तोंडून काय निघावं यावर आम्ही दोघं भांडत होतो. शेवटी तो वैतागला आणि सूप प्यायला निघून गेला.

संध्याकाळी ब्रँट माझ्याकडे आला. गोड आवाजात बोलायला लागला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी काम काढलंय.

“अपेक्षा उतरवायच्यात,” तो म्हणाला. “आमची माणसं सांगून थकली, पण पत्रकार हसतात. त्यांना माहीत असतं, आम्ही पगारी. सख्खी बहीण सांगेल तर गोष्ट वेगळी.”

“मी लाइलची बदनामी करू? टीव्हीवर? डोकं फिरलंय का तुझं?”

“बदनामी कसली? दोन वाक्यं. लाइल कामाचा माणूस आहे, बोलघेवडा नाही. बस्स.”

“आणि आज त्याने जे केलं ते?”

“तेच तर झाकून ठेवायचंय,” ब्रँट म्हणाला. “समजा, तो तसं बोललाच. कोणाला कल्पना नसेल तर केवढं उठून दिसेल, विचार करा.”

इथे मी फसले. म्हणजे मला वाटलं मी त्यालाच फसवतेय. मी म्हटलं, “ठीक आहे. मी जाते टीव्हीवर. पण एल्म क्रीकचं उत्तर लाइल त्याच्या मनाने देईल. तू मध्ये पडायचं नाहीस, कार्ड पुढे सरकवायचं नाहीस, डोळे वटारायचे नाहीत.” ब्रँटने दोन्ही फोन एका हातात घेतले आणि दुसरा हात पुढे केला. आम्ही हात मिळवले. लाइलला विचारलं तर तो म्हणाला, “जा की. सगळेच करतात. तेवढीच तुझी लिपस्टिक लावून होईल.” त्याच्या मनात तेव्हा काही नव्हतं, आणि माझ्याही.

मिनियापोलिसच्या स्टुडिओत मुलाखत घेणारी होती डार्सी क्विगली. केस एका बाजूला, मान दुसऱ्या बाजूला. मी ठरलेली दोन वाक्यं म्हटली. तिने मला तिसरं बोलूच दिलं नाही.

“आर्डिस,” ती हसत म्हणाली, “आपण दोघी काही लहान नाही ना? हे सगळे डिबेटच्या आधी म्हणतात. तुम्हाला पाठवलं कोणी ते मला माहितीये.”

मला कोणी खोटारडी म्हटलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. त्या क्षणी मी खोटंच बोलत होते, ही गोष्ट वेगळी. पण त्या बाईचं ते हसू! मला वाटलं, थांब, तुला दाखवते. आणि मी तिला आमच्या वडिलांच्या अंत्यविधीची गोष्ट सांगितली. चर्च गच्च भरलेलं, लाइल दोन शब्द बोलायला उठला आणि एकही शब्द न बोलता उभा राहिला. पास्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तरी तो उभाच. शेवटी मी जाऊन त्याच्या हातातला कागद घेतला आणि वाचला. ही गोष्ट खरी होती. आमच्या घराबाहेर ती कोणी कोणाला सांगत नाही.

“माझा भाऊ सोन्यासारखा माणूस आहे,” मी म्हणाले. “पण त्याला उभं करून बोल म्हटलं की तो हरवतो. तुम्ही माझं भाकीत विचारताय ना? तो पडणार नाही, एवढीच मी प्रार्थना करतेय.”

डार्सीचं हसू मावळलं. तिने माझा हात धरला. तिला पटलं होतं! आणि मला, काय सांगू, क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. शाळेतली ढाल पटकावल्यासारखं.

गाडीत बसते न बसते तोच ब्रँटचा फोन. “आर्डिस, तुम्ही देवमाणूस आहात! चर्चची गोष्ट! मी तर रडलो. सगळ्या चॅनलवर तेच चाललंय. आता गव्हर्नर नुसते चालत आले आणि ‘गुड इव्हनिंग’ म्हणाले तरी जिंकले!” मी त्याला आमचा सौदा आठवतो का, असं विचारलं. त्याला आठवत होता. त्याने तो शेवटपर्यंत पाळलाही, हे मला इथे कबूल करावं लागतंय. त्याच्यावर राग काढायची सोयही त्याने ठेवली नाही.

लॉजवर पोचले तर लाइल स्वयंपाकघरात एकटाच टेबलाशी होता. जंगली तांदळाच्या सुपाचा वाडगा समोर, आणि चमचा नुसता फिरवत होता. ब्रँटने माझी मुलाखत मोठ्या पडद्यावर लावली होती, सगळ्यांसमोर, टाळ्यांच्या गजरात. जो माणूस टीव्ही बघत नाही, त्याला धरून आणून दाखवली होती.

“बाबांची गोष्ट सांगितलीस,” तो म्हणाला.

“ती बाई मला खोटी पाडत होती. खेळ होता रे लाइल, तूच जा म्हणालास ना?”

“म्हणालो. आणि छान खेळलीस. पण गोष्ट खरी होती ना, आर्डिस?”

“गोष्ट खरी. भाकीत खोटं.”

“दोन्ही सांगताना तुझा चेहरा एकच होता.”

मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. माझा आवाज चढला, मला तो आवरता येत नाही. “माझ्याकडे बघ. एल्म क्रीकचं तू जे बोललास, तसं बोलताना मी आयुष्यात कोणाला ऐकलं नाही. तू तयार आहेस. व्हिटलॉकला तू झोपवशील. हे मी सांगतेय, आर्डिस सांगतेय.”

“हो ना,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “बाहेर सांगायचं तो पडणार, आणि आत त्याला सांगायचं तू जिंकणार. ब्रँटही मला रोज सकाळी असंच सांगतो. उमेदवाराला धीर द्यायचा असतो. ते कामच आहे सगळ्यांचं.”

“मी ब्रँट आहे का?”

“नाहीस. तुझं जास्त खरं वाटतं.” त्याने वाडगा बाजूला सारला. “चर्चमध्ये मी का बोललो नाही, माहितीये तुला? कागदावरचं मला वाचायचं नव्हतं. मनातलं सांगायचं होतं. मनातलं सांगायला गेलो की माझं हे असं होतं. तू म्हणालीस ना, तो हरवतो. बरोबर ओळखलंस.”

मी टेबलावर हात आपटला. शपथा घातल्या. तो म्हणाला, “झोप आता, आर्डिस,” आणि ब्रँटची कार्डं खिशात घालून वर गेला. त्यानंतरच्या तालमींत मी एल्म क्रीकचा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. एकदा रागाने, एकदा प्रेमाने, एकदा तर व्हिटलॉकचं सोंग टाकून नुसती बहीण म्हणून विचारला. दर वेळी त्याने कार्डावरचं उत्तर दिलं. अडखळला नाही. ब्रँट च्युइंगम चघळत मान डोलवायचा आणि माझ्याकडे बघून खांदे उडवायचा, म्हणजे मी कुठे मध्ये पडलो?

डिबेट एका विद्यापीठाच्या सभागृहात होतं. आम्ही सगळे मागच्या खोलीत टीव्हीसमोर कोंबलेलो. भाकितवाल्यांची तोवर एकवाक्यता झाली होती, की टॉर्नक्विस्ट पूर्ण वाक्यं बोलला तरी पुष्कळ. आणि पुरावा म्हणून दर तासाला माझं थोबाड दाखवत होते.

व्हिटलॉकने एल्म क्रीक काढलंच. मान तिरकी करून, अगदी माझ्यासारखं.

लाइल थांबला. एका मुलीने डोळे मिटले. मी एकटी पुढे सरकले, इतकी की माझं नाक पडद्याला लागायचं बाकी राहिलं. त्याने समोर बघितलं, रिकाम्या नव्हे, भरलेल्या खुर्च्यांकडे. त्याचे ओठ हलले. मला त्याचा तो ‘हो’ जवळजवळ ऐकू आला. “बोल,” मी म्हणाले, “बोल ना रे बाळा.”

त्याची नजर खाली गेली.

“माझ्या कारकिर्दीत,” तो म्हणाला, “ग्रामीण आरोग्यावरचा एकूण खर्च वाढलेला आहे, आणि त्याचं नियोजन अधिक कार्यक्षमतेने करण्यात आलं.”

खोलीत आरोळी उठली! लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. अडकला नाही, अडकला नाही! ब्रँटने फोन हवेत उडवून झेलला. मी तिथे बसून रडत होते, आणि एकीने मला टिश्यू देऊन म्हटलं, “मला पण रडू येतंय, आर्डिस, किती छान बोलतायत ते.” मला तिला फाडकन लगावावीशी वाटली.

डिबेट संपलं की शेजारच्या हॉलमध्ये दोन्हीकडची माणसं पत्रकारांना गाठून आपापल्या उमेदवाराचे गोडवे गातात. आधी वाईट सांगायचं, नंतर चांगलं, असा तो क्रम. प्रत्येकाच्या मागे एकजण काठीला लावलेली नावाची पाटी घेऊन उभा असतो, जत्रेत हरवू नये म्हणून. माझ्या मागेही ‘आर्डिस टॉर्नक्विस्ट, बहीण’ अशी पाटी आली. ब्रँटने कानात सांगितलं, “भावूक व्हा. म्हणा, आज बाबा असते तर.”

डार्सी क्विगली माणसं बाजूला सारत आली. मागे कॅमेरे, आणखी माईक. “आर्डिस! तुम्ही प्रार्थना करत होतात तो पडू नये म्हणून. त्याने तर सगळ्यांना चकित केलं! काय वाटतंय?”

“वाईट वाटतंय,” मी म्हणाले.

“आनंदाश्रू?”

“नाही गं बाई. माझा भाऊ आज वाईट बोलला. मी त्याला याच प्रश्नावर याच्या दसपट चांगलं बोलताना ऐकलंय. तेव्हा तो स्वतःचं बोलला होता. आज त्याने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. आणि तुम्ही त्याला शाबासकी देताय, कारण तो पडला नाही. तुम्हाला राष्ट्राध्यक्ष हवाय की पहिलं पाऊल टाकणारं बाळ? तो तुम्हाला कच्चा वाटतो, कारण मी तुम्हाला तसं सांगितलं. ते खोटं होतं. हे खरं आहे. लिहून घ्या.”

मला हलकं वाटलं. वाटलं, आता होऊ दे काय व्हायचं ते.

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. “अरे, तिसऱ्या डिबेटची तयारी आजपासूनच!” आणि हशा पिकला. डार्सीही हसली, माझ्या दंडावर कौतुकाने थोपटत म्हणाली, “तुम्ही यातल्या उस्ताद आहात, आर्डिस. मागच्या वेळी मी फसले होते, हं.” मी ओरडले, की मी गंमत करत नाहीये. ते आणखी हसले. एकाने तर टाळ्या वाजवल्या. माझ्या मागचा पाटीवालाही हसत होता, त्याची पाटी हलत होती.

ब्रँटने मला हॉलबाहेर काढलं ते जवळजवळ नाचतच. “आधीच अपेक्षा जमिनीवर, त्यात तुम्ही खड्डा खणलात! मला का नाही सांगितलंत असं करणार म्हणून?” त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मला लाइलला गाठायचं होतं. कोणी काही का समजेना, तो मला ओळखतो, तो ऐकेल तर बास, असं म्हणत मी पळत सुटले. या वयात, त्या बुटांत.

मागच्या बोळात गाडी उभी होती आणि लाइल दाराशी होता. कॉलरला मेकअपचा टॉवेल तसाच खोचलेला. कितीतरी आठवड्यांनी त्याच्या चेहऱ्यावर रक्त दिसत होतं. लोक हात मिळवत होते आणि तो खराखुरा हसत होता. मला बघितल्यावर त्याने हात पसरले.

“आत्ताच फोनवर दाखवलं मला,” तो म्हणाला. “काय बोललीस गं! मला कधी सुचलं नसतं. आता तिसऱ्या वेळी कोणी माझ्याकडून काहीच मागणार नाही.”

“लाइल,” मी म्हणाले. मला धाप लागली होती. “मी खरं बोलले. तू वाईट बोललास आज. तुझ्यात ते होतं, ओठांवर आलं होतं, मी बघितलं, आणि तू ते गिळलंस. पुढच्या वेळी बोल. एवढंच सांगायला आलेय.”

तो माझ्याकडे बघत राहिला. थांबला, त्याच्या सवयीप्रमाणे. त्या थांबण्यात मला वाटलं, पोचलं बहुतेक.

“हे तुला ब्रँटने सांगितलं बोलायला,” त्याने हळूच विचारलं, “की तुझं तुलाच सुचलं?”

“माझं. आईच्या कबरीची शपथ, माझं.”

लाइलने माझ्या खांद्यावर हात ठेवला, हसला आणि मान हलवली. डार्सी क्विगलीसारख्या पत्रकारांसमोर, काही पटलेलं नसताना हलवतो, तशीच.